मागच्या खोलीची भिंत

मॉन्ट्रियलला आल्यापासून मी ज्या घरात राहते ते दुमजली आहे. खाली मालक आणि त्यांची बायको, वर मी. रस्त्यावरून वर यायला बाहेरूनच लोखंडी जिना आहे, तसा इथं बहुतेक जुन्या घरांना असतो. मालक आमच्याच समाजाचे, आमच्याच विदर्भातले. इथल्या आमच्या बौद्ध मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा भेटले तेव्हा मी जागा शोधत होते. ते म्हणाले, "ताई, परक्याकडं कशाला जाता? आमचा वरचा मजला रिकामा आहे." मी त्यांना दादा म्हणायला लागले, त्यांच्या बायकोला वहिनी. जिन्याशी समोरासमोर आलो की जयभीम व्हायचा, वहिनी कधी वाटीभर झुणका वर पाठवायच्या, मी रिकामी वाटी परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायचे. नवरा पार पश्चिमेकडच्या रेजिना शहरात सरकारी नोकरीत, मी इथं विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर. एकटीच्या संसाराला ती जागा पुरेशी होती.

मग आमच्या भागातली भाडी वाढली. शेजारच्या घरात वरचा मजला रंगवून, नवं स्वयंपाकघर बसवून विद्यार्थ्यांना दिला गेला, आणि दादांच्या डोक्यात ते बसलं. इथला कायदा असा की जुन्या भाडेकरूचं भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही. त्याला घालवता मात्र येतं, त्यानं स्वतः जायचं ठरवलं तर.

उन्हाळ्यात एकदा ते वर आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही रेजिनाला का नाही जात? नवरा तिकडं, तुम्ही इकडं. संसार असा असतो का?"

मी म्हटलं, "माझी नोकरी इथं आहे, दादा. आणि हिवाळ्याआधी आई येणार आहे नागपूरहून."

"आईंना इथली थंडी झेपायची नाही."

"बघू."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यानंतर मला ते ताई म्हणाले नाहीत. मॅडम म्हणायला लागले, आणि बोलणं बरंचसं इंग्लिशमधून.

आई आली. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण आवाज अजून वॉर्डातलाच. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच तिनं मला सांगितलं की मी वाळले, माझे केस गेले आणि माझा नवरा शहाणा आहे म्हणून इतक्या लांब राहतो. मी मागची खोली तिच्यासाठी लावून ठेवली होती. खिडकीतून मेपलचं झाड दिसायचं, शेजारी स्वयंपाकघर, पलीकडे वॉशरूम. गुडघ्यांच्या माणसाला सगळं जवळ.

ती येऊन थोडेच दिवस झाले असतील, दादा प्लंबरला घेऊन वर आले. मागची खोली तापवणारा जुना लोखंडी रेडिएटर गळतो म्हणाले. त्याच्या खाली जमिनीवर एक जुना पाण्याचा डाग होता खरा, पण तो मी राहायला आले तेव्हापासूनचा. प्लंबर क्यूबेकचा, धिप्पाड, कमी बोलणारा. त्यानं रेडिएटर सोडवून कुणाला तरी हाताशी घेऊन जिन्यावरून उतरवला. मग दादांनी त्याला सांगितलं की नवीन रेडिएटर त्या जागी नको, विटांच्या भिंतीवर पाहिजे, आणि पाइप बाहेरून दिसायला नकोत, भिंतीत जायला हवेत. ही भिंत आमची आणि शेजारच्या घराची मिळून एक, इथं तिला मितोयें म्हणतात. प्लंबरनं मशीन लावलं आणि त्या भिंतीत झिऱ्या मारल्या. जमिनीपासून वर दोन, आणि त्यांना जोडणारी एक आडवी. इतक्या खोल की माझं मनगट आत जायचं. सगळ्या घरात विटांची लाल धूळ झाली. आईच्या पांढऱ्या पातळांवर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर, बुद्धाच्या मूर्तीच्या खांद्यांवर.

त्यानं तांब्याचे पाइप झिऱ्यांत बसवले, त्यांना मऊ फोमचं आवरण घातलं, तोंडं टोपणं लावून बंद केली आणि मागच्या अर्ध्या घराकडं जाणारी गरम पाण्याची लाइन बेसमेंटमधून बंद करून टाकली. नवीन रेडिएटर खोक्यासकट पॅसेजमध्ये उभा करून ठेवला. जाताना फ्रेंचमध्ये मला म्हणाला, "आधी भिंत भरा, रंग द्या. एकदा हा बसला की त्याच्या मागं हात जात नाही. झालं की फोन करा, मी येऊन बसवतो."

दादांना फ्रेंच जेमतेम येतं. मी त्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "येस येस, मी प्लास्टरवाल्याला बोलावतो."

प्लास्टरवाला आला नाही. आधी तो बिझी होता. मग त्याची पाठ धरली होती. मग तो दुसऱ्या गावी गेला होता. तोपर्यंत मेपल ओकाबोका झाला आणि पहिला बर्फ पडून गेला. मागची खोली, स्वयंपाकघर आणि वॉशरूम, तिन्ही गार. पुढच्या खोलीत रेडिएटर चालू होता, पण त्याचा थर्मोस्टॅट खाली, त्यांच्या घरात. तोही कोमट. रात्री आम्ही दोघी पुढच्या खोलीत एका पलंगावर झोपायचो आणि सकाळी आई कोट घालून, टोपी घालून पोळ्या लाटायची. वॉशरूमला जायचं म्हटलं की ती मला शिव्या घालून उठायची.

"मला मारायला आणलं का इथं?" ती म्हणायची. "तसं सांगायचं होतं. नागपुरात मेली असती तर तिकिटाचा खर्च तरी वाचला असता."

मी विजेचा हीटर आणला. जुनं वायरिंग. हीटर आणि किटली एका वेळी लागली की ब्रेकर उडायचा, आणि ब्रेकर बेसमेंटमध्ये, आणि बेसमेंटला कुलूप, आणि किल्ली वहिनींकडं. दर वेळी जिना उतरून खालची बेल वाजवायची. वहिनी दार उघडायच्या, किल्ली घ्यायच्या, बेसमेंटमध्ये जायच्या, खटका वर करायच्या आणि माझ्या तोंडावर दार लावायच्या. एकदा म्हणाल्या, "इतकं लाइट जाळायचं तर स्वतःचं घर घ्यावं माणसानं."

मी म्हटलं, "रेडिएटर बसवा, हीटर बंद करते."

"प्लास्टरवाला मिळत नाही."

"मग मी शोधते."

"आमच्या भिंतीला बाहेरचा माणूस आम्हाला न विचारता हात लावणार नाही."

असं दोन्हीकडून बंद. दादांना गाठून बोलायचा प्रयत्न केला. ते दारासमोरचा बर्फ शोव्हल करत होते. मी म्हटलं, "दादा, आई म्हातारी आहे. तुम्हाला दिसतंय."

ते फावडं न थांबवता म्हणाले, "मॅडम, त्रास होत असेल तर जागा बदला. वी आर नॉट स्टॉपिंग यू."

तेव्हा मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. त्या झिऱ्या भरायच्या नव्हत्याच. त्या मारल्या होत्या त्याच मुळी उघड्या ठेवायला.

नवरा फोनवर म्हणाला, "सोड ना ती जागा. इकडे ये. किती दिवस भांडत बसणार?" मी म्हटलं, त्यांना हवंय तेच तू सांगतोयस. मग आमचंही वाजलं आणि मी फोन ठेवला. कारखान्यातली एक बाई म्हणाली, भाडेकरूंच्या कोर्टात जा. मी चौकशी केली. जाता येत होतं, पण निकाल लागेपर्यंत हिवाळा संपला असता.

डिसेंबरमध्ये एक दिवस कारखान्यात लाइन बंद पडली आणि मी दुपारीच घरी आले. वर आई नव्हती. वॉशरूममध्ये नाही, स्वयंपाकघरात नाही. चपला होत्या, बूट नव्हते. बाहेर जिन्यावर बर्फ गोठलेला, ही कुठं घसरून पडली की काय. मी धावत खाली उतरले, आणि खालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती दिसली. टेबलाशी बसली होती. अंगात कोट नव्हता, डोक्यावर टोपी नव्हती. समोर चहाचा कप. वहिनी ओट्याशी भाकरी थापत होत्या आणि आई काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

मी बेल वाजवली नाही, दार ढकललं. ते उघडंच होतं.

"आई, चल वर."

आई म्हणाली, "चहा पिऊन राहिले ना मी."

"वर चल म्हणते ना."

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाशी आमचं काही भांडण नाही. त्या रोज येतात."

रोज. मी सकाळी कामावर गेले की आई खाली जायची आणि मी यायच्या आधी वर येऊन कोट घालून बसायची. ज्या बाईनं वर तिला गारठवलं, तीच खाली तिला ऊब देत होती, आणि ही तिच्या हातची भाकरी खात होती. मी आईचा दंड धरला. तिनं झटकला.

वर आल्यावर आम्ही दोघी इतक्या भांडलो की शेजाऱ्यानं मितोयें भिंतीवर थाप मारली.

"लाज नाही वाटत तुला?" मी म्हटलं. "त्यांनीच तुझी ही दशा केली."

"मला थंडी वाजत होती," आई म्हणाली. "तू दिवसभर कारखान्यात गरम बसतेस. मी इथं काय भिंतीतल्या भोकांशी बोलू? ती बाई बोलते माझ्याशी. दारव्ह्याची आहे ती. तिच्या मामेबहिणीची डिलिव्हरी माझ्या वॉर्डात झाली होती."

"ती तुला वापरून घेते."

"आणि तू? माझी थंडी तुला कुठं दिसते? तुला ते दोघं दिसतात. माझ्या नावानं भांडायला मिळालं तुला."

तिनं कोट चढवला आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

त्या रविवारी मंडळाच्या हॉलवर बुद्धवंदना होती. वंदनेनंतर जेवणाच्या रांगेत दादा माझ्या पुढं तीन-चार माणसं सोडून उभे होते. ते मोठ्यानं कुणाला तरी सांगत होते, मला ऐकू जाईल असं, की "वरच्या मॅडमच्या आई रोज आमच्याकडं असतात. माझी मिसेस त्यांचं सगळं करते. मुलगी कामावर, म्हातारी एकटी. आपला माणूस आपणच नाही बघणार तर कोण?" लोक माना डोलावत होते. एक जण मागं वळून मला म्हणाला, "नशीबवान आहात ताई. असा घरमालक मिळायला पुण्य लागतं."

माझ्या हातात थाळी होती. मी ती टेबलावर ठेवली आणि दादांपाशी गेले. "आणि मागच्या खोलीचं काय, ते पण सांगा," मी म्हटलं. "भिंत फोडून ठेवलीय, हीट बंद करून ठेवलीय, ते पण सांगा सगळ्यांना."

दादा हसले. "ताई," ते म्हणाले, लोकांसमोर पुन्हा ताई, "रिनोवेशनला वेळ लागतो. तुम्ही जरा दमानं घ्या." आणि मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि समजावलं की आपसातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये, परक्या देशात आपण आधीच मूठभर, लोक काय म्हणतील. मी न जेवता बसनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. झिऱ्या मी स्वतः भरणार होते. बाहेरचा माणूस नको म्हणता ना, बाहेरचा नाहीच. मी लीजवर सही केलेली घरातली बाई. दुकानातून पाण्यात कालवायच्या प्लास्टरची पिशवी आणली, थापी, रुंद पट्टी, पॉलिश पेपर, बादली, प्रायमर. पिशवी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. जिन्यावरून ती वर चढवताना खालचा पडदा हलला.

त्याच संध्याकाळी रागाच्या भरात मी पहिली उभी झिरी भरून टाकली. बादलीत प्लास्टर कालवलं आणि थापीनं भसाभस आत दाबलं, वरून पट्टी फिरवून सपाट केलं. अर्ध्या तासात भिंत कशी सारखी दिसायला लागली. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. तिनं येऊन बघितलं आणि जेवायला वाढायला गेली. आम्ही जेवून परत आलो तेव्हा मधला सगळा भाग पोटासारखा पुढं आला होता आणि खालून एक मोठा गोळा जमिनीवर पडला होता. सकाळपर्यंत जे राहिलं होतं त्याला उभी चीर गेली. बोट लावलं तर कपचा निघून हातात आला आणि आतून फोमचं आवरण दिसायला लागलं.

ते सगळं खरवडून काढायला घेतलं तेव्हा खालून छतावर काठी ठोकायचा आवाज आला. मी खरवडतच राहिले. मग जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनी दारात, गाउनवर जॅकेट घालून.

"काय चाललंय हे?"

"प्लास्टरवाला आलाय," मी म्हटलं.

त्यांनी पॅसेजमधून मागच्या खोलीत पाहिलं. जमिनीवर ओला राडा, भिंतीला अर्धवट भरलेला, अर्धवट उकरलेला चर. "माझ्या भिंतीची वाट लावलीस तू," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला अगं-तुगं. "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"भिंत तुमची आहे. थंडी माझी आहे."

"मग जा ना! जा कुठं गरम आहे तिकडं! कोणी बांधून ठेवलंय?" त्यांचा आवाज चिरका झाला. "त्यांनी आयुष्यभर राबून हे घर घेतलंय. तुझ्यासारखे येतात, बसतात, आणि कायदा दाखवतात."

आई मध्ये पडली नाही. ती खाटेवर बसून दोघींकडं आलटून पालटून बघत होती. वहिनी जायला वळल्या तेव्हा आई एवढंच म्हणाली, "जिना सांभाळून उतर वं." वहिनी गेल्या. माझं डोकं असं फिरलं की मी थापी बादलीत आपटली आणि प्लास्टर माझ्याच तोंडावर उडालं.

मी तोंड पुसत होते तेव्हा आई उठून भिंतीपाशी आली. तिनं चष्मा लावला, झिरीत दोन बोटं घालून चाचपलं आणि बोटांवरची धूळ मला दाखवली. "आत घाण तशीच. कोरडं ठणठणीत. याच्यावर काय चिकटणार? आणि खोल जखम वरून बंद करत नाहीत. तळापासून थोडी थोडी भरत आणायची. वरून शिवली की आत पोकळ राहते. एवढंही समजत नाही तुला, आणि विमानं तपासतेस."

मला तिचा राग आला, कारण पिशवीच्या मागं हेच लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. पण मी ब्रश घेतला आणि झिऱ्या झाडल्या, व्हॅक्यूम लावला, विटा पाण्यानं ओल्या केल्या. पाइपच्या बाजूनं जिथं फारच खोल होतं तिथं जुन्या विटेचे तुकडे ओल्या प्लास्टरमध्ये बसवले. मग पातळ थर. त्यावर थापीच्या टोकानं आडव्यातिडव्या रेघा मारायच्या म्हणजे पुढचा थर धरून बसतो. मग थांबायचं. थांबणं मला जमत नाही, आईला ते माहीत होतं. मी पुन्हा थापी उचलली की ती म्हणायची, "हात काढ." प्लास्टर घट्ट होताना थोडं गरम होतं. त्या खोलीत तेवढंच काय ते गरम. आई येता-जाता त्यावर तळहात ठेवायची आणि सांगायची, अजून नाही.

एका आठवड्याच्या संध्याकाळी त्यात गेल्या. आम्ही गोडीगुलाबीनं काम केलं असं कुणी समजू नये. ती कालवायची ते मला घट्ट वाटायचं, मी कालवलेलं तिला ताक वाटायचं. दिवसा ती खाली जात होती की नाही मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. खालून काठी मात्र रोज वाजायची, विशेषतः मी घासायला लागले की. शेवटचा थर बारीक होता, भिंतीच्या पातळीत. तो वाळल्यावर मी पॉलिश पेपरनं घासला, दिवा भिंतीला चिकटवून तिरका धरून उंचवटे बघितले. हे मात्र माझं रोजचं काम. तिरक्या उजेडात धातूवरचा ओरखडा बघायचे मला पैसे मिळतात. एक खड्डा राहिला होता, तो भरला, पुन्हा घासला. प्रायमर दिलं. रंग पांढरा, दोन हात. रेडिएटरच्या मागं येणारा भाग आधी आणि नीट, कारण तिथं नंतर ब्रश पोचणार नव्हता.

मग मी प्लंबरला फोन केला. दादांना नाही. प्लंबरला म्हटलं, भिंत झाली.

तो शनिवारी सकाळी आला. व्हॅन दारात थांबलेली दादांनी पाहिली आणि तो वर पोचायच्या आत तेही जिन्यावर आले. "हू कॉल्ड यू?" त्यांनी त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि सरळ मागच्या खोलीत गेला. भिंतीवर हात फिरवला, बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिली. "से कोरेक्त," तो म्हणाला, म्हणजे ठीक झालंय, आणि ड्रिल काढलं.

"वेट," दादा म्हणाले. "नॉट टुडे."

प्लंबरनं मला फ्रेंचमध्ये विचारलं, "आज का नाही?"

मी दादांना मराठीत विचारलं, "ते विचारतात, आज का नाही?"

रेडिएटर त्यांनीच मागवलेला, प्लंबर त्यांनीच ठरवलेला, भिंत तयार. इतके दिवस जी अडचण सांगत आले तिची कुणी तरी मागं घासूनपुसून विल्हेवाट लावली होती, आणि खरं कारण त्यांना त्या माणसासमोर कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हतं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, म्हातारीचे गुडघे आहेत हो. बसवू द्या त्याला."

ते तिच्याकडं बघू शकले नाहीत. खाली गेले.

प्लंबरनं विटेत भोकं पाडून ब्रॅकेट लावले, रेडिएटर टांगला, पाइप जोडले. मग त्याला बेसमेंटमध्ये जाऊन लाइन उघडायची होती, आणि कुलूप. मी जिना उतरले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. वहिनींच्या हातात किल्ली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही, पायऱ्यांवर टाकली. बर्फात. "घ्या," त्या म्हणाल्या, "तापवा."

मी वाकून उचलली. ते वाकणं मला अजून आठवतं.

दुपारपर्यंत मागची खोली, स्वयंपाकघर, वॉशरूम, सगळं तापलं. खिडकीच्या काचेवरचा बर्फ सुटून खाली घसरला. मी आईला तिची खोली परत लावून दिली. खाट रेडिएटरजवळ, पण चिकटून नाही. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "नाक कोरडं पडतं यानं." आणि पाण्याचं पातेलं आणून रेडिएटरवर ठेवलं.

सोमवारी मी कामावर गेले. संध्याकाळी आले तेव्हा आई खाटेवर बसलेली, टीव्ही बंद. ओट्यावर झाकून ठेवलेली वाटी. मी झाकण काढलं, तिळाची चटणी, काठोकाठ.

"कुणासाठी?"

"खाली घेऊन गेली होती."

"मग?"

"दार उघडलं तिनं. म्हणाली, मावशी, आता तुमची खोली गरम झाली ना." आई रेडिएटरकडं बघत होती. "आता काय सांगून जाऊ?"

मी कोट काढून टांगला. खरं सांगायचं तर वहिनींचा राग इतका उसळला होता की आईकडं बघायला जागाच नव्हती. "बरं झालं," मी म्हटलं. "तशीही तिच्या हातचं खायचं नव्हतं."

"तू जिंकली," आई म्हणाली. "बस आता एकटी."

ती उन्हाळ्यापर्यंत राहणार होती. मार्चमध्येच तिकीट बदलून गेली. निघायच्या दिवशी खाली तिनं बेल वाजवली. मी बॅगा टॅक्सीत ठेवत होते. दादा बाहेर आले नाहीत. वहिनी आल्या, आईच्या पाया पडल्या, आणि आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. ते मला टॅक्सीपर्यंत ऐकू आलं नाही. विमानतळावर मी विचारलं, तर आई म्हणाली, "तुला काय करायचंय?"

मी अजून तिथंच राहते. त्यांनी मला काढायचा पुन्हा प्रयत्न केला नाही आणि मीही गेले नाही. जिन्याशी समोरासमोर आलो तर एक जण भिंतीकडं सरकतो, दुसरा पुढं जातो. जयभीम नाही. हिवाळ्यात दादा त्यांच्या दारापुरता बर्फ शोव्हल करतात आणि माझ्या जिन्याशी येऊन थांबतात. मी माझा करते. मंडळाच्या हॉलवर मी आता उशिरा जाते आणि जेवायला थांबत नाही.

आई रविवारी फोन करते. माझी तब्येत विचारते, नवऱ्याला शिव्या देते, आणि मग दर वेळी विचारते, "खालची कशी आहे?"

"मला काय माहीत," मी म्हणते.

"विचार की एकदा. दम्याचा त्रास आहे तिला, हिवाळ्यात वाढतो."

मी बरं म्हणते. अजून विचारलेलं नाही.